एकशे बारा आवर्तनं गप्प

जुलैत शाळेला सुट्टी, म्हणून
आमची शिकवणी रसायनशास्त्राच्या वर्गात.
फळ्यावर मेमधलं एक अर्धवट समीकरण,
बेसिनचा नळ गळका,
आणि खिडकीबाहेर तळं, ज्याच्यावर
रात्री अकरालाही ऊन पसरलेलं.

मी बावन्न वर्षांची. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत सत्तावीस.
ट्रॉम्बोन शिकले ती गावच्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये,
जिथं मोठ्यानं वाजवणाराला पहिली खुर्ची मिळते.
महोत्सवाच्या यादीत माझ्या खालचं नाव पिहला,
वय सोळा, दातांना अजून तारा.

पहिल्याच दिवशी तोर्स्ती म्हणाला,
"तू सूर लावत नाहीस,
आग लागल्याची वर्दी देतेस."
आमच्याकडे अहो-जाहो नाही.
राजधानीच्या वाद्यवृंदात तीस वर्षं काढलेल्यालाही
सरळ अरे.
मी म्हटलं, अरे, वर्दीच द्यायला शिकवलंय आम्हाला.
तो हसला नाही.
तीन दिवस एकच सूर दिला.

या नळीवर खुणा नसतात.
सात जागा असतात, पण बोट ठेवून दाखवता येत नाहीत.
तिसरी कुठे, ते दंडाला आणि कानाला ठाऊक हवं.
"किंचित अलीकडे."
किंचित म्हणजे किती? पान्यावर आकडा तरी असतो.
त्यानं अंगठ्याच्या नखाची कड दाखवली.
"आणि श्वास घेताना भात्यासारखा आवाज करू नकोस.
लोक तिकीट काढून येतात."

तो कायम माझ्या डावीकडे उभा राहायचा,
उजवा कान माझ्याकडे करून.
पिहलानं मागून काही विचारलं
की वळून आधी तिचे ओठ शोधायचा.
आमच्या इंजिनखोलीतल्या एर्कीचं असंच सुरू झालं होतं.
आधी "काय?"
मग हसून मान डोलावणं.
मग नुसतीच मान.

मी काही बोलले नाही.
कॉफीच्या सुट्टीत वेलदोड्याचा पाव घेऊन
त्याच्या उजव्या बाजूला बसायला लागले, एवढंच.

शनिवारी लाकडी चर्चमध्ये कार्यक्रम.
व्हायोलिनवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही,
आणि आम्हा तिघांच्या कागदावर
एक जाड आडवी रेघ, तिच्या डोक्यावर आकडा:
एकशे बारा.
एकशे बारा आवर्तनं काही नाही. मोजत बसायचं.
पिहला म्हणाली, कंटाळा येतो.
मला नाही आला.
धक्क्याला लागलेली बोट अशीच असते,
दोर बांधलेले, खाली इंजिन फिरतंय.

त्रेसष्ट. चौसष्ट.
मनगटावर डास. मारायचा नाही.
अठ्ठ्याहत्तर.
बासरी एकटीच कुठेतरी वर गेली, परत आली.
तोर्स्तीचं बोट गुडघ्यावर ताल धरून होतं,
ते थांबलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
शिक्षकासारखं नाही; 
धुक्यात खांब न दिसणारा कप्तान
खाली नळीतून विचारतो, तसं.

मी मांडीवर नऊ बोटं पसरली. मग एक.
एक्याण्णव.
त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या. पोच मिळाली.

एकशे बाराव्याच्या शेवटच्या मात्रेला
मी श्वास घेतला,
मुद्दाम मोठा, घशातून, भात्यासारखा,
पुढच्या बाकावरच्या बाईनं मान वळवली असा.
त्या श्वासावर त्याचं वाद्य उचललं गेलं,
पिहलाचंही,
आणि आम्ही एकदम लागलो.
तिसरी जागा.
किंचित अलीकडे.

नंतर पायऱ्यांवर
नळीतलं पाणी गवतात झटकताना तो म्हणाला,
"श्वासाचा आवाज फार होतो तुझा."

मी त्याच्या उजव्या बाजूला गेले
आणि म्हटलं, हो.